श्रद्धेने शरीर आवरते का?



आपल्या भागात वर्षातून दोनदा एक गोष्ट पाहायला मिळते. आषाढ अमावास्येला, म्हणजे गटारीला, पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात मटण-कोंबडीच्या दुकानांपुढे रांगा लागतात. दारूच्या दुकानावरही गर्दी असते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि त्याच रांगेतली कितीतरी माणसे महिनाभर मांस-मच्छीला आणि बाटलीला हात लावत नाहीत. आपल्या घरांतही हेच घडते, फक्त महिना वेगळा. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की रोज संध्याकाळी पिणारा माणूस पुनरुत्थानाच्या सणापर्यंत एक थेंब घेत नाही. मग सण येतो. सकाळची मिस्सा होते आणि दुपारी जेवणाआधीच बाटली उघडते.

घरभेटीच्या वेळी हा प्रश्न बहुतेक वेळा घरातली बाईच विचारते, तोही नवरा बाहेर गेल्यावर, हळू आवाजात: "फादर, चाळीस दिवस ह्यांना श्रद्धेने आवरलं ना? मग एक्केचाळिसाव्या दिवशी ती श्रद्धा कुठे जाते?"

या प्रश्नाला दोन तयार उत्तरे मिळतात. पहिले उत्तर भाविक माणसाचे: श्रद्धा कमी पडली, आणखी प्रार्थना करा. दुसरे शंकेखोराचे: श्रद्धेचा इथे काही संबंधच नव्हता, चार लोक काय म्हणतील या लाजेने तो थांबला होता. मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. पहिल्या उत्तराने तर त्या घरातल्या बाईचे दुःख दुप्पट होते. नवरा पितो ते पितोच, वर आपली प्रार्थना कमी पडली हा दोषही तिच्या पदरात पडतो. म्हणून या आठवड्यात हा प्रश्न आपण थोडा शांतपणे पाहू. श्रद्धेने शरीर खरोखर आवरते का? आणि आवरत असेल, तर ते कसे?

आधी आपल्या मातीतला पुरावा

पुरावा शोधायला आपल्याला लांब जावे लागत नाही. आपल्या किनाऱ्यावर बेने इस्राएल समाज शतकानुशतके राहिला. पेणकर आणि रोहेकर ही आडनावे आजही इस्राएलमधल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू कुटुंबांत आढळतात. हे लोक गावोगावी तेलाचा घाणा चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्यात एक कथा सांगतात. बाहेरून आलेल्या एका ज्यू विद्वानाने ते खरोखर ज्यू आहेत का हे पाहण्यासाठी बायकांना निरनिराळी मासळी रांधायला दिली. त्यांनी पर आणि खवले असलेले मासे वेगळे काढले, बाकीचे बाजूला ठेवले आणि आम्ही हे खात नाही असे सांगितले. त्या काळी त्यांच्यापाशी हिब्रू धर्मग्रंथ राहिले नव्हते, बहुतेक प्रार्थनाही विसरल्या गेल्या होत्या. ग्रंथ गेला तरी हाताला काय निवडायचे ते माहीत होते. पिढ्यान्‌पिढ्या पाळलेली श्रद्धा शरीरात कशी मुरते, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण जवळच्या काळातले. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी 1943 साली दासबोधाच्या निरूपणाला सुरुवात केली. त्यातून वाढलेल्या श्रीसमर्थ बैठकी आज आपल्या जिल्ह्यातल्या आगरी-कोळी गावांत ठिकठिकाणी भरतात. बैठकीला जायला लागल्यावर दारू सुटली, अशी घरे तुमच्याही शेजारात असतील. तिसरे उदाहरण रोह्याचेच. 1920 साली रोह्यात जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले यांनी गीतेच्या आधारे स्वाध्याय परिवार उभा केला. त्यांच्या विचाराने किनाऱ्यावरच्या अनेक मच्छीमारांनी दारू आणि जुगार सोडला. 'मत्स्यगंधा' नावाच्या सामाईक होड्यांवर ते पाळीपाळीने एक दिवस देवासाठी म्हणून मासेमारी करू लागले. आठवले यांना 1996 मध्ये मॅगसेसे आणि 1997 मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला.

आपण ख्रिस्ती आहोत, म्हणून शेजाऱ्यांच्या घरात घडलेले चांगले आपण पाहू नये असे नाही. उलट या तीन उदाहरणांनी आपला प्रश्न सोपा न होता अधिक अवघड होतो. शनिवार तेली, बैठकीचा श्रीसदस्य, स्वाध्यायी कोळी आणि उपवासकाळ पाळणारा कॅथलिक, या सर्वांची शरीरे जर आवरली जात असतील, तर त्यात नेमके काय काम करते? श्रद्धा, सवय की संगत?

शरीर काय सांगते?

शास्त्रज्ञांनीही हा प्रश्न घेतला आहे. 2001 साली इटलीतल्या डॉक्टरांच्या एका गटाने 23 निरोगी माणसांना लॅटिन भाषेत जपमाळेची 'नमो मरिया' म्हणायला लावली आणि दुसऱ्या वेळी एक बौद्ध मंत्र जपायला लावला. दोन्ही वेळा श्वास मंदावून मिनिटाला सुमारे सहावर आला आणि हृदय व रक्तदाबाची लय सुधारली. म्हणजे आपल्या आजीची संध्याकाळची जपमाळ तिच्या काळजालाही विसावा देत होती. मात्र हेही ध्यानात घ्या, की हा विसावा देताना शरीराने मंत्र कोणत्या धर्माचा आहे हे विचारले नाही.

2008 साली ऑक्सफर्डमध्ये झालेला प्रयोग याच्या पुढे जातो. 12 भाविक कॅथलिक आणि 12 नास्तिक किंवा अज्ञेयवादी माणसांना दुखतील असे विजेचे झटके देण्यात आले. त्या वेळी त्यांच्यापुढे कधी पवित्र मरियेचे चित्र असे, तर कधी लिओनार्दोने काढलेले एका स्त्रीचे चित्र. मरियेचे चित्र समोर असताना कॅथलिकांना वेदना कमी जाणवली. दुसऱ्या गटाला दोन्ही वेळा सारखेच दुखले. कॅथलिकांच्या मेंदूच्या पुढच्या उजव्या भागात त्या वेळी अधिक हालचाल दिसली. एखाद्या भीतीच्या प्रसंगाचा नवा अर्थ लावताना माणूस हाच भाग वापरतो. झटका तोच होता, कातडी तीच होती. सहन करणाऱ्याला त्या क्षणी आपण एकटे नाही असे वाटत होते.

अर्थात अशा प्रयोगांवर फार मोठी इमारत बांधू नये, कारण त्यांतली माणसे मोजकी असतात. 2009 साली दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. धार्मिक माणसांत आत्मसंयम सरासरीने थोडा जास्त दिसतो, असे त्यांना आढळले. पण धर्मामुळे संयम येतो की मुळात संयमी असलेली माणसे धर्माकडे वळतात, हे वेगळे करणे कठीण असते. धार्मिक शब्द नुसते वाचायला दिले तरी माणसाचे वागणे सुधारते, असे काही प्रयोगांत दिसले होते. तेच प्रयोग पुढे जास्त माणसांवर केले तेव्हा तो परिणाम अनेकदा दिसला नाही. यात मला नवल वाटत नाही. नुसत्या शब्दांनी माणूस आवरला असता, तर रविवारचा उपदेश ऐकून घरी गेलेल्या प्रत्येक कुटुंबात आठवडाभर शांतता नांदली असती!

निग्रह आणि संयम

इथे जुन्या तत्त्वज्ञांची मदत घेऊ. ॲरिस्टॉटलने दोन प्रकारची माणसे वेगळी केली. एकाला इच्छा होते, ती जोरात ओढते, पण तो दात आवळून थांबतो. हा निग्रही. दुसऱ्याची इच्छाच आता वळणावर आली आहे. ग्लास पुढे आला तरी त्याच्या मनात झटापट होत नाही. हा संयमी. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात, कारण दोघेही पीत नाहीत. पण निग्रही माणूस दिवस मोजत असतो आणि संयमी माणसाला दिवस मोजावे लागत नाहीत.

आपल्या एक्केचाळिसाव्या दिवसाचे कोडे इथे बरेचसे सुटते. चाळीस दिवसांची श्रद्धा खोटी नव्हती. तिने निग्रह दिला आणि निग्रहाला मुदत होती. चाळीस दिवस घरात सगळे पाळत होते, मित्रही आग्रह करीत नव्हते, 'उपवासकाळ आहे' एवढे एक वाक्य पुरत होते. सणाच्या दिवशी मुदत संपली, संगत बदलली आणि ते वाक्य हातातून गेले. त्यातच 'एवढे दिवस पाळले, आता माझा हक्क आहे' हा विचार मनात शिरला. उपवासाला आपण देवाशी केलेला हिशेब मानले, तर हिशेब चुकता झाल्यावर माणूस मोकळा होतो. त्यामुळे श्रद्धा कुठे गेली, असे विचारण्यापेक्षा ती केवढ्या मुदतीची केली होती, हे विचारणे बरे.

पण मग ज्याने मनापासून कायमची सोडायचे ठरवले, पापनिवेदन केले, ख्रिस्तशरीर स्वीकारले आणि तरीही जो तीन महिन्यांनी घसरला, त्याचे काय? त्याची श्रद्धा कच्ची होती असे म्हणायचे का? संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात हाच प्रश्न विचारला आहे. त्यांचे उत्तर थोडक्यात असे: कृपेने माणसाला सद्‌गुण मिळतो हे खरे, पण जुन्या कृत्यांनी शरीरात आणि मनात पाडलेली वळणे लगेच पुसली जात नाहीत, म्हणून कृपा असलेल्या माणसालाही चांगले वागणे अवघड जाऊ शकते. आमच्या सेमिनरीत हे वाक्य परीक्षेपुरते पाठ होत असे. व्यसनी माणसाच्या घरात बसून पाहिले की त्याची किंमत कळते. घसरलेला माणूस श्रद्धाहीन असतोच असे नाही. त्याच्या श्रद्धेला एका जुन्या, हट्टी शरीराबरोबर राहायचे असते. संत पौलाने रोमकरांना लिहिताना हीच ओढाताण स्वतःविषयी मांडली आहे: जे चांगले करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि जे नकोसे वाटते तेच होते. पौलाला कोणी अविश्वासी म्हणणार नाही.

शरीर ऐकते, पण किती?

आता उलटी बाजूही सांगितली पाहिजे. श्रद्धा शरीराला आवरू शकते, म्हणजेच ती शरीराचा आवाज दाबूही शकते. 16 एप्रिल 2023 रोजी आपल्याच जिल्ह्यात, खारघरला, आप्पासाहेब धर्माधिकारी यांच्या महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्याला लाखो माणसे भर उन्हात शिस्तीने बसून राहिली. उष्माघाताने 14 जणांचा मृत्यू झाला. कोणाला दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही; त्या कुटुंबांचे दुःख आपल्या शेजाऱ्यांचे दुःख आहे. जी श्रद्धा माणसाला गुत्त्यापासून उठवते, तीच त्याला उन्हात बसवून ठेवू शकते. आपल्याकडेही मधुमेह असताना निर्जळी उपवास करणारी, पाय सुजलेले असताना अनवाणी तीर्थाला चालत जाणारी माणसे आहेत. ख्रिस्तसभेच्या नियमानुसार उपवास 18 वर्षे पूर्ण झालेल्यांपासून साठीत पाऊल टाकेपर्यंतच्या लोकांसाठी आहे आणि आजारी माणसाला त्यातून सूट आहे. ही सूट घेण्यात श्रद्धा कमी होत नाही.

एक धोका विशेष करून सांगतो, कारण तो जिवावर बेतणारा आहे. अनेक वर्षे रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने राखेच्या बुधवारी दारू एकदम बंद केली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात कापणे, घाम सुटणे, फेफरे येणे, भ्रम होणे असे प्रकार घडू शकतात. त्यात मृत्यूही येऊ शकतो. हे सैतानाचे काम नाही आणि श्रद्धेची परीक्षाही नाही. दारूला सरावलेल्या मेंदूची ही प्रतिक्रिया असते आणि तिच्यावर औषध असते. म्हणून सोडायचा निश्चय वेदीपुढे करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांनाही गाठा. संत थॉमस यांनी दुःखावरच्या उपायांत सत्याचे चिंतन आणि मित्रांबरोबर झोप आणि स्नान यांनाही जागा दिली आहे. ज्या संताला झोप आणि स्नान चालले, त्याला गोळीही चालली असती, असे मला वाटते.

विश्वास म्हणजे भरवसा

मग श्रद्धेचे खरे काम कोणते? 2013 साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतल्या रोचेस्टर विद्यापीठाचा एक प्रयोग मला फार बोलका वाटतो. तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना सांगण्यात आले, की समोरची मिठाई आता खाल्लीस तर एक, थांबलास तर दोन. त्याआधी निम्म्या मुलांना एका मोठ्या माणसाने शब्द देऊन तो पाळला होता आणि निम्म्यांना दिलेला शब्द मोडला होता. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी 12 मिनिटे थांबली. शब्द मोडलेला पाहिलेली मुले 3 मिनिटांतच थकली. एका गटाची मुले शहाणी आणि दुसऱ्याची हावरट असे काही नव्हते. ज्यांना भरवसा होता ती थांबू शकली.

आपल्या धर्मात विश्वास या शब्दाचा पहिला अर्थ हाच आहे. देव आहे असे मानणे ही झाली सुरुवात. तो दिलेला शब्द पाळतो हा भरवसा म्हणजे विश्वास. ज्याला पुढे काही चांगले आहे असे वाटते तोच आजचा ग्लास बाजूला सारू शकतो. आणि लहान मुलाप्रमाणे मोठ्या माणसालाही हा भरवसा माणसांकडूनच मिळतो. ज्याला गावाने, घराने, आपण सर्वांनी 'हा सुधारणार नाही' असे सांगून टाकले आहे, त्याला थांबण्याचे कारणच उरत नाही.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही चळवळ 1935 साली अमेरिकेत सुरू झाली. तिथे पहिली पायरी असते ती आपल्या बळावर हे होत नाही असे कबूल करण्याची, आणि मग आपल्याहून मोठ्या शक्तीवर भार टाकण्याची. 2020 साली 27 अभ्यासांचा, दहा हजारांहून अधिक माणसांचा आढावा घेण्यात आला. पूर्णपणे दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत हा मार्ग इतर प्रचलित उपचारांच्या तोडीचा आणि अनेकदा त्यांहून सरस ठरला. आपल्याकडे फादर जो परेरा यांनी 1981 साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू केले. तिथे या बारा पायऱ्यांना अय्यंगार योगासनांची जोड दिली. प्रार्थना, संगत आणि शरीर, तिन्ही एकत्र. बैठकीतही हेच आहे: ठरलेला वार, ठरलेली जागा, शेजारी बसलेला माणूस आणि एक वचन.

काही जण म्हणतील, 'मग हे सगळे संगतीचे आणि सवयीचेच काम झाले, देव कुठे आला?' माझे उत्तर असे: कृपा निसर्गाला बाजूला सारून येत नाही, निसर्गातूनच येते. पाऊस ढगातून पडतो म्हणून तो देवाचा नाही असे आपला शेतकरी म्हणत नाही. आणि देव न मानणारा माणूसही संयमी असू शकतो, हे मान्य करायला आपल्याला कमीपणा वाटू नये. संयम हा आपला धर्म खरा असल्याचा पुरावा नव्हे. तो देवाने सर्व माणसांना देऊ केलेला आणि आपल्याला विशेष जबाबदारीने सोपवलेला दागिना आहे.

तर त्या बहिणींना, आणि त्यांच्या नवऱ्यांनाही, मला एवढेच सांगायचे आहे. तुमची प्रार्थना कमी पडलेली नाही. ती एकटी पडली आहे. तिला डॉक्टर द्या, मीटिंग द्या, घरातले एक ठरलेले जेवण द्या, ज्यात बाटली नसेल. 14446 या सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करायला पैसे पडत नाहीत आणि त्यात लाज तर मुळीच नाही. चाळीस दिवस थांबलेल्या माणसाला सणाच्या दिवशी टोमणा मारू नका, ग्लासही पुढे करू नका. त्याला म्हणा, 'आजचा एक दिवस आपण बरोबर राहू.' गेथशेमनी बागेत प्रभू येशूच्या अंगातून घाम गळत होता, तेव्हा त्यानेही शिष्यांना आपल्यासोबत जागे राहायला सांगितले होते. शिष्य झोपले. आत्मा तयार असला तरी देह दुबळा असतो, हे तो त्यांना रागाने म्हणाला नाही, समजून म्हणाला. आणि पुन्हा त्यांच्याकडे आला. आपल्या धर्मग्रामातही कोणाच्या तरी घरी आज ती रात्र चालू आहे. त्याच्यासोबत कोण जागे राहणार?

प्रभूची शांती तुम्हांबरोबर असो.

आपला,
प्रमुख धर्मगुरू